स्विफ्टचं सस्पेन्शन: शॉकअप, बफर, स्पेसर की स्प्रिंग? देवगडातल्या कामाच्या नोंदी

गाडी २०१४ ची स्विफ्ट व्हीडीआय. २०१९ मध्ये सेकंडहँड घेतली, आता १,१८,००० किमी झालेत. टायर १६५/८० आर १४, सस्पेन्शनचं सगळं सामान कंपनीचंच. वर्षभर घरची गाडी असते आणि एप्रिल-मे मध्ये मागची सीट पाडून तिचा टेम्पो होतो. आंब्याच्या पेट्या घेऊन फोंडा घाटाने राधानगरी, तिथून कोल्हापूर.

तक्रारी तीन. पेट्या भरल्या की मागून बसते आणि आमच्या आळीतल्या गतिरोधकावर पोट घासते. हायवेला ८० च्या वर गेली की होडीसारखी डुलते. पुढे डावीकडे खडखड वाजतं. मी तिन्हींची एकच तक्रार समजलो, आणि पुढचा बहुतेक खर्च त्यातून झाला.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

सामान घेण्याआधी मोजमाप. जमिनीपासून मोजलं तर हवा कमीजास्त असली, अंगण तिरकं असलं की आकडा बदलतो. म्हणून चाकाच्या मधल्या टोपीपासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत टेप लावला. गाडी आधी दहा फूट मागेपुढे केली, नाहीतर जॅकवरून उतरलेली गाडी उगाच उंच दिसते.

रिकामी गाडी: मागे डावी ३४१ मिमी, उजवी ३४९. पुढे ३५८ आणि ३६०.

आंबा अजून मोहोरात आहे, तेव्हा भरायचं काय? गडग्याचे उरलेले जांभ्याचे चिरे होते. एक काट्यावर ठेवला, साडेअठ्ठावीस किलो. सहा चिरे म्हणजे १७१ किलो, नऊ पेट्यांचं वजन साधारण तेवढंच भरतं. खाली गोणपाट अंथरलं तरी लाल माती कार्पेटला लागलीच. त्यावर घरात जे ऐकलं ते इथे लिहीत नाही.

चिरे भरून, पुढे आम्ही दोघं बसून: मागे डावी २९२, उजवी ३००. म्हणजे दोन्हीकडे ४९ मिमी खाली. रिकाम्या गाडीतही डावी बाजू ८ मिमी खाली का, हा प्रश्न मला त्याच दिवशी पडायला हवा होता. वहीत आकडा लिहिला आणि वही मिटली.

५ फेब्रुवारी

दोन दिवस कोल्हापूरच्या दुकानांना फोन. जे पर्याय समोर आले ते असे.

कंपनीचेच नवे शॉकअप सगळ्यात स्वस्त. त्याच्या वर बाहेरच्या कंपनीचे गॅस भरलेले, केवायबी एक्सेल-जी जातीचे, म्हणजे दुहेरी नळीचे. त्याच्या वर बिल्स्टीन बी६ सारखे एकेरी नळीचे. इथे एक कळलं की बी६ मूळ उंचीच्या स्प्रिंगवर चालतो आणि बी८ गाडी खाली बसवणाऱ्यांसाठी असतो. एकेरी नळीचा भाव ऐकल्यावर "कळवतो" म्हणून फोन ठेवला.

कॉइलओव्हर (उंची कमीजास्त करता येणारी स्प्रिंग-शॉकअपची जोडी) आणि गाडी खाली आणणाऱ्या स्प्रिंगा मी ऐकूनच सोडल्या. १७० मिमीचा मूळ ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची, इथे पुरत नाही, तो कमी करायला पैसे कोण देईल?

उरले तीन. स्प्रिंगच्या वेढ्यांत बसवायचे रबरी बफर, स्प्रिंगखाली घालायचे स्पेसर, आणि जाड तारेच्या स्प्रिंगा. मालवणच्या भाच्याने पुढे २५ मिमीचे स्पेसर घातलेत. गाडी दिसते झकास, पण त्याने टायर दाखवले तर आतल्या कडा वर्षभरात गुळगुळीत. एक्सलचे रबरी बूटही ताणलेले दिसले. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ आहे: नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल करता येत नाही. स्पेसर त्यात धरतील की नाही यावर विमा एजंट आणि मी अर्धा तास बोललो. उद्या क्लेम अडला तर भांडत कोण बसणार? स्पेसर बाद.

९ फेब्रुवारी, रविवार

जामसंड्याच्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी मागचा बंपर दोन्ही हातांनी दाबून सोडला. गाडी तीन वेळा वरखाली झाली. डाव्या मागच्या शॉकअपवर तेलाने माती चिकटून चॉकलेटी थर बसलेला.

"शॉकअप गेलेत, बदलूकच व्हये. पण गाडी वर येवची नाय हां. शॉकअप वजन घेणा नाय. वजन घेता स्प्रिंग, शॉकअप फक्त हलणां थांबयता."

मी म्हटलं, मेस्त्री, गॅसवाले घेतोय, ते उचलतील.

"पैसे तुझे, हौस तुझी."

गॅसवाले चार शॉकअप मागवले, १३,६०० रुपये. पुढचे दोन माउंटिंग आणि बेअरिंग १,९००.

१६ फेब्रुवारी, रविवार

दोन तासांचं काम सात तासांत झालं.

पुढच्या स्ट्रटला, म्हणजे स्प्रिंगसकट बसणाऱ्या पुढच्या शॉकअपला, खाली दोन बोल्ट असतात. डावीकडचे दोन्ही गंजून नटाशी एकजीव झालेले. समुद्र आमच्यापासून हवेच्या अंतराने दीड किलोमीटर, पण खारं वारं बोल्टच्या आतपर्यंत जातं. डब्ल्यूडी-४० मारून तासभर थांबलो, मग पाइप अडकवून पाना ओढला. एक सुटला, दुसरा ग्राइंडरने कापला. तुम्ही किनाऱ्यावर राहत असाल तर आदल्या रात्रीच तेल मारून ठेवा आणि नवे बोल्ट आधीच आणून ठेवा. आमचा नवा बोल्ट कणकवलीहून यायला दीड तास लागला.

पुढची स्प्रिंग दाबायला कॉम्प्रेसर लागतो. दाबलेल्या स्प्रिंगच्या समोर तोंड नेऊन बघायचं नाही. मेस्त्रींनी मला दोनदा खांद्याला धरून बाजूला केलं.

आता दिवसातली मोठी चूक. वरचा नट आवळताना शॉकअपचा दांडा गरगर फिरायला लागला. दांड्याच्या टोकाला पाना धरायला जागा असते, तिथे धरून आवळायचं. गॅरेजमधल्या पोराने रबरी बूट खाली सरकवला आणि चकचकीत दांडाच ग्रिप प्लायरने धरला. मी हातात चहाचा ग्लास घेऊन दोन फुटांवर उभा होतो. दांड्यावर दातांचे चार बारीक ओरखडे उठले ते दिसले. मेस्त्री मागच्या चाकाशी होते. पोराला बोलणी बसतील म्हणून मी गप्प राहिलो. ते चार ओरखडे मला ५,३०० रुपयांना पडले, हिशेब पुढे येईल.

मजुरी २,५००.

१७ फेब्रुवारी

सकाळी टेप. मागे रिकामी ३४३ आणि ३५१. दोन मिमी वर, तेवढंच. चिरे भरून २९४ आणि ३०२. गतिरोधकावर पोट घासलंच.

डुलणं मात्र पूर्ण गेलं. नांदगावच्या पुढे हायवेला गाडी इतकी शांत की ही आपलीच का असं वाटलं. म्हणजे शॉकअप वाया गेले नाहीत, पण मी ज्या कामासाठी घेतले ते काम त्यांचं नव्हतंच.

खडखडही तशीच. मेस्त्रींनी पुढचं चाक काढून बारीक लिंक रॉड (स्ट्रटला अँटी-रोल बारशी जोडणारी दांडी) हाताने हलवला, तो टकटक वाजला. जोडी १,१५० रुपये, वीस मिनिटांत बदलली, आवाज बंद. आधी हेच केलं असतं तर निदान कुठली तक्रार कशाची ते सुटं झालं असतं.

१९ फेब्रुवारी

स्टिअरिंग सोडलं की गाडी डावीकडे जाते. स्ट्रटच्या त्या दोन बोल्टांच्या भोकांत किंचित ढिलाई असते, पुन्हा बसवताना चाक जरासं कलतं. कणकवलीला अलाइनमेंट, ५०० रुपये.

२३ फेब्रुवारी, रविवार

मागच्या स्प्रिंगांना रबरी बफर, जोडी २,२००. बसवायला सोपे. गाडी उचलायची, स्प्रिंग मोकळी झाली की साबणाचं पाणी लावून मधल्या वेढ्यात पिळून घालायचं. घरीच केलं, पाऊण तास. स्प्रिंगची खालची बैठक चिखलाने भरलेली होती, ती साफ करायचा कंटाळा केला.

रिकामी ३५० आणि ३५७. चिरे भरून ३१२ आणि ३१९. गतिरोधक न घासता पार! मी मेस्त्रींना फोटोसुद्धा पाठवला.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

आईला घेऊन कुणकेश्वरला यात्रेला. तारामुंबरीच्या पुलावरून गेलो. प्रत्येक सांध्यावर मागून धाड, धाड. बफरने स्प्रिंगचे दोन वेढे एकमेकांशी जखडलेले असतात. हलायला उरलेल्या वेढ्यांवर सगळं येतं आणि स्प्रिंग कडक होते, गाडी भरलेली असो वा रिकामी. माझ्या आकड्यांतही ते होतं: आधी चिरे भरले की ४९ मिमी बसायची, आता ३८ च. तेव्हा मी फक्त ३१२ बघून खूश झालो होतो.

आई मागे बसलेली. "गाडी आसा काय बैलगाडी?"

परतताना मामीने कालवणाचा डबा दिला होता. तो मागच्या सीटपुढे पायाशी घट्ट बसवलेला. घरी येईपर्यंत झाकण उडून निम्मं कालवण मॅटवर. लाल माती परवडली.

९ मार्च, रविवार

पंधरा दिवस ओढले. वर्षातले जेमतेम वीस दिवस पेट्या, त्यासाठी उरलेले साडेतीनशे दिवस हाडं मोजायची? बफर काढले. उजव्याच्या खाली वाळू आणि चिखल अडकून स्प्रिंगचा रंग घासला गेलेला, तिथे आत्ताच नारिंगी गंज दिसतोय. हाच बफर कोरड्या हवेत कदाचित बरा चालत असेल.

१२ मार्च

पुढच्या डाव्या स्ट्रटवर तेल. बूट वर सरकवला. दांड्यावरचे चार ओरखडे जिथे तेल अडवणाऱ्या सीलमधून आत-बाहेर होतात तिथूनच ओघळ आलेला. दुकानदाराला फोटो पाठवले, तो म्हणाला वॉरंटी नाही. बरोबरच आहे त्याचं. मेस्त्रींना सगळं खरं सांगितलं. त्यांनी पोराला काही म्हटलं नाही, मला म्हणाले, "तेव्हाच बोलाक काय झाला होता?"

एक नवा स्ट्रट ४,१००, मजुरी त्यांनी ७०० च घेतली. पार्सलला सहा दिवस, मध्ये शिमगा. पुन्हा अलाइनमेंट ५००.

२३ मार्च, रविवार

अखेर स्प्रिंग. आता प्रश्न एवढाच: कंपनीची नवी की जाड तारेची? कोल्हापूरला एक जण अर्धा मिलीमीटर जाड तारेची वळून द्यायला तयार होता. अर्धा मिलीमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर जातो. १०.५ ची तार ११ झाली की सरळ २० टक्के कडक. बफरने माझी गाडी त्याहून थोडी जास्तच कडक केली होती, आणि त्याचा निकाल मॅटवर सांडलेला होता. कंपनीची जोडी घेतली, ३,४००. रबरी बैठका आणि बंप स्टॉप (गाडी पूर्ण बसली की शेवटचा धक्का झेलणारे ठोकळे) ७८०.

स्विफ्टला मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात. शॉकअपचा खालचा बोल्ट काढून मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा बीम जॅकने हळूहळू खाली सोडला की स्प्रिंग हातात येते, कॉम्प्रेसर लागत नाही. ब्रेकच्या पाइपावर ताण येत नाही ना एवढं बघायचं.

उजवी निघाली. मग डावी. मेस्त्रींनी ती फडक्याने पुसली, उजवीच्या शेजारी सिमेंटच्या कट्ट्यावर उभी केली आणि बोटाने खालचं टोक चाचपलं.

"ह्येचा शेपूट खय गेला?"

खालच्या वेढ्याचं चार बोटं टोक तुटून गेलेलं. तुटलेली जागा दोन रंगांची: बाहेरचा अर्धा भाग काळा, जुना गंज. आतला अर्धा करडा, दाणेदार, ताजा. म्हणजे आधी कधीतरी तडा गेला, त्यात खारं पाणी शिरत राहिलं आणि एके दिवशी उरलेलं मोडलं. तुकडा बैठकीतल्या चिखलात रुतून बसला होता. बफर घालताना जो चिखल मी साफ केला नाही, त्याच्याच आत.

२ फेब्रुवारीचे ते ८ मिमी इथे होते.

आणखी एक. जुन्या स्प्रिंगा नव्यांपेक्षा बुटक्या होत्या, पण मऊ झालेल्या नव्हत्या. नव्या घालून माप घेतलं: रिकामी दोन्हीकडे ३५८, चिरे भरून ३०९ आणि ३१०. पुन्हा तेच ४९ आणि ४८ मिमी. स्प्रिंग म्हातारी झाली की बसते, कडकपणा फारसा सोडत नाही. बफर घालून ३१२ मिळत होते, इथे धाड-धाड न होता ३०९.

मजुरी ६००. घरी येताना मागून चुईं चुईं.

२५ मार्च

चुईं चुईं माझ्यामुळे. मागच्या शॉकअपचा खालचा बोल्ट मी घाईत गाडी जॅकवर असतानाच पुरता आवळला. चाक लोंबकळत असताना बुश, म्हणजे बोल्टभोवतीचं रबरी कडं, आवळला की तो त्याच जागी धरला जातो, गाडी खाली आली की रबर कायम पिळलेलं राहतं. गाडी चाकांवर उभी करून, दोन्ही बाजूंचे बोल्ट ढिले करून, मागे दोन चिरे ठेवून पुन्हा आवळले. आवाज गेला. उशीर झाला असता तर बुश फाटला असता.

६ एप्रिल, रविवार

पहिली फेरी. नऊ नव्हे, सात पेट्या. मागे ३१८ मिमी. उरलेल्या दोन पेट्या शेजारच्या काकांच्या टेम्पोत दिल्या, पेटीमागे भाडं गेलं. पण जाड स्प्रिंगा घालून वर्षभर धक्के खाण्यापेक्षा ते स्वस्त आहे. बायकोने हिशेब करून मान्य केलं, म्हणजे ते खरंच असणार.

मागची हवा दारावरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे वाढवली आणि हेडलाइट खाली केले. पूर्वी पेट्या भरल्या की समोरचे सगळे डिपर मारायचे, मी त्यांनाच शिव्या द्यायचो.

फोंडा घाटात वळणांवर गाडी बाहेर झुकत नाही असं नाही, झुकते, पण एकदाच झुकते आणि तिथेच राहते. दाजीपूरला थांबून चारही चाकांना हात लावून पाहिला. तेल कुठेच नाही. राधानगरीत मिसळ. कोल्हापुरात पेट्या उतरवताना एकही आंबा दबलेला निघाला नाही. गेल्या वर्षी दर फेरीला खालच्या थरातले दोन-चार तरी जायचे.

२६ मे

पाऊस कालच येऊन ठेपला, जूनची वाटसुद्धा पाहिली नाही. बागेतला शेवटचा आंबा भिजला तो वेगळा विषय. पावसाआधी रंगवून घ्यायचं म्हणून ठेवलेल्या मागच्या बैठका तशाच राहिल्या. भर पावसात गाडी शेडमध्ये घेऊन बोअरच्या गोड्या पाण्याने खालून धुतली, पंख्याने वाळवली आणि स्प्रिंगच्या खालच्या वेढ्याला ग्रीसचा हात फिरवला. रबराला ग्रीस लागू दिलं नाही. दर महिन्याला बैठकीतली माती खराट्याच्या काडीने काढायची असं ठरवलंय.

२४ ऑगस्ट, रविवार

पावसाळाभर खड्ड्यांतून चालली. माप रिकाम्या गाडीत ३५६ आणि ३५६. नवी स्प्रिंग दोन मिमी बसते, ते धरून चालायचं. पुढचा नवा स्ट्रट कोरडा.

हिशेब: शॉकअप १३,६००, माउंटिंग १,९००, पहिली मजुरी २,५००, लिंक रॉड १,१५०, बफर २,२००, दुसरा स्ट्रट ४,१०० आणि त्याची मजुरी ७००, स्प्रिंगा ३,४००, बैठका आणि बंप स्टॉप ७८०, मागची मजुरी ६००, अलाइनमेंट दोनदा १,०००. एकूण ३१,९३०. त्यातले बफर, ओरखडलेला स्ट्रट, त्याची मजुरी आणि दुसरं अलाइनमेंट मिळून ७,५०० निव्वळ माझ्या मूर्खपणाचे. सहा रविवार गेले.

बफर विकायला काढले होते. भाच्याने फुकट नेले, स्पेसर काढून ते घालणार म्हणतो. त्याला ही वही वाचायला दिली, त्याने फोटो तेवढे पाहिले.

बुधवारी गणपती. मुंबईचा भाऊ उद्या येतोय, त्याच्या गाडीचं मागचं डावं चाक जरा खाली बसलेलं दिसतं असं त्याने फोनवर सांगितलंय. टेप बाहेर काढून ठेवलाय. आमच्या गाडीचा उजवा लिंक रॉड आता किंचित वाजायला लागलाय, तो विसर्जनानंतर बघू.